नववी ‘ब’ची खिडकी



करोनाच्या काळात मी आपल्याच तालुक्याचा आरोग्य अधिकारी होतो. त्याबद्दल आज तुम्ही माझा सत्कार केलात. तो मी घेतला, पण त्यासोबत माझी एक चूकही सांगायची आहे. ती याच इमारतीत घडली. ज्याच्या बाबतीत घडली तो आपला वर्गमित्र समोरच बसला आहे. त्याची परवानगी घेऊनच बोलतो.

इतिहासाच्या तासाला आपण पुण्याचा प्लेग शिकलो होतो. १८९७ साली रँडच्या हुकमाने गोरे सोजीर घरोघर शिरले, देवघरापर्यंत गेले. रोग्यांना इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेऊ लागले. लोकांनी इतका धसका घेतला की आजारी माणसे लपवली जाऊ लागली. म्हणजे ज्यासाठी सक्ती केली, तेच साधेना. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, हे आपल्याला पाठच होते.

त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग्याला घराबाहेर रँडनेही काढले आणि सावित्रीबाईंनीही. फरक कशात होता, ते मला फार उशिरा कळले.

मार्च २०२० मध्ये माझ्या टेबलावर जो साथरोग कायदा आला, तो त्याच १८९७ सालचा. मुळात चार कलमांचा. सरकार निर्बंध घालू शकते, मोडणाऱ्याला शिक्षा होते, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण आहे. विलगीकरणात ठेवलेल्या माणसाने गाऱ्हाणे कुणाकडे न्यायचे, हे त्यात कुठेच नाही. आपल्या राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने फिरण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. लोकहितासाठी त्यावर बंधन घालता येते, पण ते वाजवी असले पाहिजे. हा ‘वाजवी’ शब्द शेवटी माझ्यासारख्या माणसाच्या हातात येतो.

मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी यायला लागले. चौदा दिवस त्यांची सोय शाळेत केली. आपला हा मित्र नववी ‘ब’मध्ये होता. नवव्या दिवशी त्याची आई घरी वारली. घर शाळेमागेच, दोन आळ्या सोडून. दहा मिनिटे लांबून दर्शन घेऊ द्या, एवढेच त्याचे मागणे होते. मी नाही म्हणालो. तेही निरोप्याकरवी कळवले. काकूंची अंत्ययात्रा त्याने त्या खिडकीच्या गजांतून पाहिली. ह्याच काकूंच्या हातची घावन-चटणी मी शाळेच्या मधल्या सुट्टीत कितीदा खाल्ली होती!

तो चौदा दिवसांचा नियम चुकीचा होता, असे मी आजही म्हणणार नाही. गावात म्हातारी माणसे होती, आणि जवळचे मोठे रुग्णालय तीन तासांवर. एकाच्या मोकळीकीची किंमत दुसऱ्याने जिवाने मोजायची, याला स्वातंत्र्य म्हणता येत नाही. पण मास्क लावून, लोकांना बाजूला करून, त्याला अंगणाच्या कडेला उभे करता आले असते. मी तसा विचारच केला नाही. आदेशाचा कागद होता, त्याच्या आड लपलो.

पुढे वर्षभराने तो भेटला. मी माफी मागितली. तो म्हणाला, “तू नाही म्हणालास, ते मला तेव्हाही कळत होतं. पण तू स्वतः आला नाहीस, त्याचं वाईट वाटलं. खिडकीबाहेर उभा राहून सांगितलं असतंस तरी चाललं असतं.”

मित्रहो, साथ पुन्हा येईल. आपल्यातले कुणी सरपंच आहेत, कुणी पोलीस खात्यात, कुणी डॉक्टर. बंधन घालावे लागले तर जरूर घाला. पण ते का आणि किती दिवस, हे समोर जाऊन सांगा. गाऱ्हाणे ऐकायला एक माणूस नेमा. आणि नियमात बसणारी थोडी जागा शोधता येते का, ते आधी पाहा.

ही खिडकी मघाशी आम्ही दोघांनी मिळून उघडली. गज अजून तेच आहेत.