वारीआधीची एक सुई

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यातील आरोग्य प्रबोधनाच्या सत्रात एका डॉक्टरांनी केलेले भाषण)





शंभर वर्षं वीणा खाली ठेवली नाही, अशा दिंडीपुढे मी काय बोलणार? पण विश्वस्तांनी सांगितलं की डॉक्टर, तुमच्याकडचं काहीतरी द्या. म्हणून आज फुप्फुसाविषयी बोलतो. अभंग म्हणायचा तर दम लागतो, दिवेघाट चढायचा तर दम लागतो. तो दम जिथं राहतो, त्या जागेची ही गोष्ट.

आपल्या दिंडीत निम्म्याहून जास्त डोकी पांढरी आहेत. या वयात न्यूमोनिया फार वाईट. त्याला कारण होणारे जंतू पुष्कळ, त्यातला एक मोठा म्हणजे न्यूमोकोकस. १८८१ साली शास्त्रज्ञांना तो सापडला. तो कुठून बाहेरून येत नाही, माणसांच्या, विशेषतः लहान लेकरांच्या नाका-घशात गुपचूप राहतो. खोकला, शिंक यांच्या थेंबांतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. अंगात ताकद असेल तोवर काही करत नाही. वय झालं, साखर वाढली, फ्लू होऊन छाती कमजोर झाली की खाली फुप्फुसात उतरतो. तिथून रक्तात गेला, मेंदूच्या आवरणात गेला, तर माणूस दोन-चार दिवसांत हाताबाहेर जातो.

आता वारीतले दिवस आठवा. अडीचशे किलोमीटरची चाल. वरून पाऊस, अंगावर ओली कापडं, रात्री एका तंबूत वीस-पंचवीस जण खेटून झोपलेले. पहाटे चुलीचा धूर. एकच तांब्या सगळ्यांच्या तोंडाला. कुणाच्या खिशात बिडी. जंतूला यापेक्षा सोयीचा मुक्काम कुठला?

आणि म्हाताऱ्या माणसाचा न्यूमोनिया फसवा असतो. तरुणाला थंडी वाजून ताप भरतो, छातीत कळ येते, गंजासारखा कफ पडतो. आजोबांना कधीकधी ताप येतच नाही. ते जेवत नाहीत, गप्प बसतात, असंबद्ध बोलतात, चालता चालता पडतात. आपण म्हणतो, थकले असतील. असं दिसलं, धाप लागली, ओठ निळसर वाटले, तर उद्याच्या मुक्कामाची वाट बघू नका. वाटेवरच्या आरोग्य पथकाकडे न्या, नाहीतर १०८ ला फोन करा.

आता सुईकडे येऊ. या जंतूच्या अंगावर साखरेसारख्या पदार्थाचं कवच असतं. घोंगडी पांघरून आलेल्या चोरासारखा तो शरीराच्या राखणदारांना चकवतो. लसीत जिवंत जंतू नसतो, त्या घोंगडीचे तुकडे तेवढे असतात. राखणदारांना ते आधीच दाखवून ठेवले की खरा चोर आल्यावर ते त्याला ओळखतात. म्हणून या लसीने न्यूमोनिया होईल, ही भीती मनातून काढा. दंड दुखेल, एखाद-दोन दिवस अंग कसकसेल, बारीक ताप येईल. बस्स.

उपयोग किती होतो? नेदरलँड्समध्ये पासष्ट वर्षांवरच्या सुमारे ८४ हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला, तो २०१५ साली छापून आला. लसीत ज्या १३ जातींचं कवच होतं, त्या जातींमुळे होणारा न्यूमोनिया लस घेतलेल्यांत सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाला. त्याच जाती रक्तात वगैरे पसरून होणारा गंभीर आजार ७५ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे लस घेतली की न्यूमोनिया होणारच नाही, असं मी म्हणणार नाही. या जंतूच्या शंभरच्या आसपास जाती आहेत आणि न्यूमोनियाला दुसरे जंतूही आहेत. पण जीव घेणारा धोका पुष्कळ उतरतो.

कुणी घ्यावी? साठी-पासष्टी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांशी बोलावं. मधुमेह, दमा, हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, कर्करोगाचे उपचार, बिडी-सिगारेट, दारू, यातलं काही असेल तर वयाची वाट बघू नये. लसीचे प्रकार दोन-तीन आहेत. काहींची एकच सुई पुरते, काहींनंतर साधारण वर्षाने दुसऱ्या प्रकारची घ्यावी लागते. तुमची जुनी चिठ्ठी दाखवली की डॉक्टर ठरवतील. फ्लूची सुई मात्र दरवर्षीची, ती त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेता येते. अंगात जोराचा ताप असेल तर थांबा, आणि आधी एखाद्या लसीची मोठी ॲलर्जी आली असेल तर तसं सांगा.

सुई टोचल्यावर शरीर तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. प्रस्थानाच्या आदल्या दिवशी टोचून या वारीला फायदा नाही. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घ्या, निघेपर्यंत चांगला दीड महिना मिळतो.

आता अडचणीचं बोलतो. लहान बाळांना ही लस सरकार फुकट देतं. २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालं, २०२१ पासून देशभर आहे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, असे तीन डोस. नातवंडांचे चुकवू नका. बाळाच्या नाकातला जंतू कमी झाला की आजी-आजोबाही वाचतात. बाळांसाठीची अशी एक लस २०२० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आणली. माऊलींची पालखी ज्या हडपसरवरून जाते, तिथलीच ही संस्था.

मोठ्यांना मात्र ती बहुधा विकत घ्यावी लागते, आणि काही हजार रुपये लागतात. इथंच आपली म्हातारी माणसं मागं सरतात. "लेकाचा पैसा माझ्यावर कशाला?" आजी तर म्हणते, "आधी यांना टोचा, मला काय झालंय?" म्हणून दिंडीपुढे एक मागणं ठेवतो. शताब्दीच्या निधीतला थोडा भाग बाजूला काढा. गरजू वृद्धांची यादी करा, चैत्रात गावातच एक शिबिर घ्या. तेही अन्नदानासारखंच दान आहे.

काही जण म्हणतील, "डॉक्टर, वारीत देह पडला तर त्याहून भाग्य कोणतं?" त्या भावनेपुढे मी हात जोडतो. पण आपल्याच आज्या-पणज्यांच्या काळात यात्रेत पटकीची साथ येई, तेव्हा वारकऱ्यांनी पटकीची लस टोचून घेतली आणि वारी चालू ठेवली. त्यांची श्रद्धा काही कमी झाली नाही. शिवाय तंबूत न्यूमोनियाने तळमळणाऱ्या माणसाच्या उशाशी दोघं-तिघं थांबतात. त्यांचीही वारी तिथंच राहते. विठोबाने दिलेला देह पुढल्या वारीसाठी नीट राखणं, हाही नेमाचाच भाग समजा.

सुई घेतली तरी ओली कापडं बदला, तांब्या वेगळा ठेवा, खोकताना उपरणं तोंडाशी धरा आणि बिडी इंद्रायणीकाठीच सोडून निघा.

पुढल्या आषाढीला आजची सगळी पांढरी डोकी वाखरीच्या रिंगणात मला मोजून दाखवा, एवढंच मागतो.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!