दाबासह वर आणलेली माती

गोटीच्या सोडावॉटरची बाटली फोडली की आतला वायू फसफसत निघून जातो आणि मागे उरते नुसते पाणी. ते पाणी पाहून बाटलीत मुळात वायू किती होता, हे कोणालाही सांगता येणार नाही. समुद्रतळाखालील थर तपासणाऱ्या भूशास्त्रज्ञांपुढे कित्येक वर्षे नेमकी हीच अडचण उभी होती.

समुद्रात दर दहा मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे एक किलोमीटर खोल पाण्याखाली तो पृष्ठभागावरील दाबाच्या शंभर पटींच्या घरात जातो. अशा दाबाखाली आणि तेथील थंडीत मिथेन वायू व पाणी यांचा मिळून बर्फासारखा पांढरा, घन पदार्थ तयार होतो. त्याला गॅस हायड्रेट म्हणतात. त्यात पाण्याचे रेणू जणू पिंजरा रचतात आणि वायूचा रेणू त्यात कोंडला जातो. एक घनमीटर हायड्रेट वितळले तर सुमारे १६४ घनमीटर वायू मोकळा होतो. हा वायू इंधन आहे. म्हणूनच त्याचे मोल आहे.

परंतु हा पदार्थ आपल्या जागीच टिकतो. साध्या नळीने त्या थराचा नमुना वर ओढला की वाटेत दाब उतरतो, पाणी कोमट होत जाते आणि हायड्रेट विरघळून जाते. जहाजावर येतो तो फुगलेला, चिरफाळलेला चिखल. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप करायचा, तेच वाटेत उडून जाते!

यावरील तोडगा सांगायला सोपा, करायला मात्र कठीण आहे. नमुना घेणारी नळी वेधननलिकेच्या पोकळीतून तारेने खाली सोडतात. ती थरात शिरून मातीचा दंड कापून घेते. तो दंड आतल्या कक्षात ओढला जाताच खालची झडप मिटते आणि तळाचा दाब जसाच्या तसा कोंडला जातो. वर येताना थोडासा दाब उणावलाच, तर सोबत भरून ठेवलेला नायट्रोजन तो सावरून धरतो. जहाजावर पोहोचताच नळी थंड ठेवतात. मग तो दंड दाब न सोडता दुसऱ्या पात्रात सरकवतात आणि क्ष-किरणांनी त्याचे चित्र घेतात. शेवटी काही नमुन्यांतील दाब अगदी सावकाश उतरवून बाहेर पडणारा वायू मोजून घेतात. १९९५ साली अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यासमोरील ब्लेक रिज येथे अशा नळीने मिथेनचे प्रत्यक्ष मोजमाप झाले. नेहमीच्या नमुन्यांतील वायूचा फार मोठा भाग वाटेतच हरवतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

भारताने हे साधन २००६ साली वापरले. 'जॉयडीज रिझोल्यूशन' या जहाजावरून एप्रिल ते ऑगस्टपर्यंत चाललेल्या त्या मोहिमेत गोव्याच्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञही सहभागी होते. कोकण-केरळच्या किनाऱ्यासमोर केलेल्या वेधात हायड्रेट आढळले नाही. कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोर मात्र एके ठिकाणी सुमारे १३० मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त थर लागला. दाबनळ्या एकूण ९७ वेळा खाली सोडल्या गेल्या आणि तळाच्या जवळपास तितक्याच दाबाखाली हाती आले ते ४९ नमुने. निम्मे प्रयत्न वाया गेले. कारण मातीचा एखादा खडा झडपेत अडकला तरी सारा दाब निसटून जातो.

पण त्या ४९ नमुन्यांनी एक मोलाचे काम केले. कृष्णा-गोदावरीच्या त्या ठिकाणी विवरातील विद्युत्-रोध मोजून हायड्रेटचा अंदाज बांधला, तेव्हा प्रमाण फारच मोठे दिसले. त्या हिशेबात हायड्रेट मातीच्या बारीक छिद्रांतून सर्वत्र सारखे पसरले आहे, असे गृहीत धरले होते. दाबाखालील नमुन्यांची क्ष-किरण चित्रे पाहिली तेव्हा निराळेच दिसले. चिकणमातीला उभ्या-तिरक्या भेगा पडल्या होत्या आणि हायड्रेट त्या भेगांत शिरांसारखे भरलेले होते. आडव्या दिशेने जाणाऱ्या विजेला या शिरा भिंतीप्रमाणे अडवतात. म्हणून रोध वाढतो आणि साठा आहे त्याहून मोठा भासतो. नमुन्यांतून प्रत्यक्ष मोजलेल्या वायूने तो अंदाज पुष्कळच खाली आणला.

ही बातमी कानाला गोड लागणारी नव्हती. पण हितकारक होती. फुगलेल्या आकड्यावर कारखान्यांचे व वीजकेंद्रांचे मनोरे उभारावेत आणि पुढे ते ढासळावेत, यापेक्षा लहान पण खरा आकडा बरा. २०१५ साली 'चिक्यू' या जपानी जहाजावरून दुसरी मोहीम निघाली, ती चिकणमातीऐवजी वाळूच्या थरांच्या शोधात. कारण वाळूतून वायू काढणे त्यामानाने सुकर असते. बंगालच्या उपसागरात तसे समृद्ध थर सापडले आणि याही वेळी दाबासह नमुने घेतले गेले. व्यापारी उत्पादन भारतात अद्याप सुरू झालेले नाही.

कोणतीही वस्तू तिच्या परिस्थितीपासून तोडून पाहिली की तिच्याविषयीचा निर्णय चुकतो. माणसाच्या बाबतीत हे सर्वांना मान्य आहे. मातीच्या एका ढेकळालाही तोच न्याय लावावा लागतो, हे दाबनळीने दाखवून दिले आहे.