जठरावरील शस्त्रक्रिया व घरचें ताट

स्थूल मनुष्य खादाड असतो आणि त्यानें जिभेला थोडा आळा घातला तर त्याला वैद्याची जरूरी पडूं नये, असा समज सुशिक्षित घरांतूनही अजून आढळतो. वस्तुस्थिति निराळी आहे. अन्न कमी केलें आणि वजन उतरूं लागलें, म्हणजे शरीर त्याला आपलें नुकसान समजतें. तें भूक वाढवितें, शक्तीचा खर्च आवरतें आणि गेलेला मेद परत मिळविण्याची खटपट करतें. ज्याचें वजन फारच वाढलें आहे, त्याला या खटपटीपुढें केवळ निग्रहानें टिकून राहणें बहुधा साधत नाहीं. अशा वेळीं जठरावरील शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. परंतु शस्त्रक्रिया हा या उपचाराचा केवळ मध्य होय. त्याचा आरंभ घरीं होतो आणि त्याची अखेरही घरींच व्हावयाची असते.

अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठाचे शस्त्रवैद्य डॉ. एडवर्ड मेसन यांच्या असें ध्यानांत आलें कीं, व्रणामुळें ज्यांच्या जठराचा मोठा भाग कापून काढावा लागला, अशा रोग्यांचें वजन पुढें सहसा वाढत नाहीं. त्यावरून १९६६ सालीं त्यांनीं जठराचा बराचसा भाग टाळून अन्न सरळ आंतड्यांत नेणारी शस्त्रक्रिया केली. आज ती पोटाला बारीक छिद्रें पाडून दुर्बिणीच्या साहाय्यानें करतात. दुसऱ्या एका प्रकारांत जठराचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग काढून केळ्याच्या आकाराची अरुंद नळी तेवढी ठेवतात. भूक चेतविणारें घ्रेलिन नांवाचें द्रव्य मुख्यत्वें जठराच्या वरच्या भागांत तयार होतें. तो भाग गेला म्हणजे भूकही मंदावते. या द्रव्याचा शोध जपानी संशोधकांनीं १९९९ सालीं लावला. तेव्हां या उपचाराचा गुण केवळ पोट लहान झाल्यानें येतो, असें नाहीं.

वजनाचे किलोग्रॅम उंचीच्या मीटरच्या वर्गानें भागले असतां जो अंक येतो, तो ३५ किंवा अधिक असल्यास ही शस्त्रक्रिया सुचवावी, असें २०२२ सालीं शस्त्रवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनीं ठरविलें. मधुमेहासारखा विकार असल्यास ३० वर, आणि आशियाई लोकांच्या बाबतींत २७.५ वरही तिचा विचार करतां येतो. निर्णय झाल्यावर हृदय, फुप्फुसें, रक्तांतील साखर आणि झोपेंत श्वास अडकण्याची खोड यांची तपासणी होते. तंबाखू व विडी निदान सहा आठवडे आधीं सुटली पाहिजे. नाहींतर जखम नीट भरून येत नाहीं. शेवटचे दोन आठवडे पिष्ट व स्निग्ध पदार्थ अगदीं थोडे घ्यावयाचे असतात. स्थूल मनुष्याचें यकृत मेदानें फुगून जठरावर पसरलेलें असतें. या पथ्यानें तें आक्रसतें आणि शस्त्रवैद्याला काम करावयास जागा मिळते. आतां पुढें खावयास मिळणार नाहीं म्हणून नेमक्या याच दिवसांत श्रीखंड-पुरीचें बोलावणें करणारे आप्त रोग्याचा धोका वाढवितात, हें त्यांना कोणीतरी स्पष्ट सांगावयास हवें.

शस्त्रक्रियेनंतर बहुधा त्याच दिवशीं रोग्याला चालवितात. पायांच्या शिरांत रक्त गोठूं नये हा त्यांतील हेतु. पहिले दोन आठवडे पाणी, वरणाचें गाळलेलें पाणी, पातळ ताक असे द्रव पदार्थ घोट-घोट घ्यावयाचे. मग मुगाचें कढण व घोटलेलें वरण. त्यानंतर मऊ अन्न. आणि सुमारें दोन महिन्यांनीं घरचें नेहमींचें जेवण, परंतु वाटीभर. दिवसाकांठीं ६० ते ८० ग्रॅम प्रथिनें पोटांत जावयास हवींत. म्हणून पनीर, दही, अंडें, मासे किंवा सोयाबीन आधीं खावें, भात-पोळी मागून. पाणी जेवतांना पिऊं नये. दोन जेवणांच्या मध्यें थोडें थोडें मिळून दीड लिटर प्यावें.

येथें घरांतील माणसांची खरी परीक्षा होते. मराठी घरांत आग्रह हा प्रेमाचा पुरावा मानला जातो. पण टांके नवीन असतां “माझ्यासाठीं एक घास” हा आग्रह रोग्याला ओकारी आणतो, कित्येकदां त्याहून वाईट घडवितो. नाडी जलद चालणें, ताप, पोटांतील वाढती कळ, धाप लागणें यांपैकीं कांहींही दिसल्यास सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. सांध्यांतून गळती झाल्याचीं तीं चिन्हें असूं शकतात. ओकाऱ्या दोन-तीन दिवस थांबत नसल्यास “पित्त झालें असेल” म्हणून मोरावळा देत बसूं नये. ब-१ जीवनसत्त्व संपल्यानें मेंदूला व मज्जातंतूंना कायमची इजा होऊं शकते, आणि वेळेवर टोंचलेल्या औषधानें ती टळते.

पुढें तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत केस गळतात. बहुधा ते परत येतात. जीवनसत्त्वें, लोह व कॅल्शियम मात्र जन्मभर घ्यावयाचीं. शाकाहारी मनुष्यानें ब-१२ विसरूं नये. गर्भधारणा वर्ष-दीड वर्ष लांबवावी. निर्जळी उपवास वैद्याला विचारल्यावांचून धरूं नयेत. वर्ष-दोन वर्षांनीं वजन उतरावयाचें थांबतें, आणि पुष्कळांचें थोडें परतही येतें. तो रोग्याचा नैतिक पराभव नव्हे. अशा वेळीं त्याला टोमणा न मारतां वैद्याकडे धाडावें. स्वीडनमध्यें १९८७ पासून चार हजारांवर स्थूल माणसांचें निरीक्षण झालें. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचें प्रमाण इतरांहून कमी असल्याचें २००७ सालीं प्रसिद्ध झालें. हें फळ थोडें नव्हे.

शस्त्रवैद्याचें काम एक-दोन तासांत आटोपतें. त्यानंतर वर्षानुवर्षें दिवसांतून अनेकदां ताट मांडलें जातें, आणि तें मांडणारे हात घरचे असतात. पंगतींत बसलेल्या अशा माणसानें “पुरे” म्हटलें, तर वाढणाऱ्यानें हात मागें घ्यावा, आणि त्याच्याशीं बोलत बसावें.