धावायला जागा कुणाची?

(बोदवड इथं तरुण पोरापोरींसमोर केलेलं भाषण)

दोस्तहो, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बहिणींनो, जरा पुढं या. आजचं बोलणं तुमच्यासाठीच आहे.

मी गोदीत माल उचलणारा माणूस. मॅट्रिक झालो, कविता लिहितो. पण आज कविता नाही. आज एका धावणाऱ्या बाईचा हिशेब मांडतो.

मेरी डिसूझा. मुंबईत वांद्र्याची, जन्म 1931 चा. 1951 साली दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. तिनं दोनशे मीटरमध्ये ब्राँझ घेतलं, रिलेत रौप्य. पुढच्याच वर्षी हेलसिंकी. स्वतंत्र भारतातून ऑलिम्पिकला गेलेल्या पहिल्या चार बायांतली ती एक. पहिल्या फेरीतच बाद झाली. पण तिथवर पोचली कशी? निवड झालेली, तिकिटाला पैसा नाही. दोस्तमंडळींनी नाचाचा नि पत्त्यांचा कार्यक्रम ठेवून पैसे उभे केले. छातीवर देशाचं नाव आणि भाडं वर्गणीचं!

1954 ला मनिलात क्रिस्टीन ब्राऊन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी, या चौघींनी रिलेचं सुवर्ण आणलं. मेरी देशासाठी हॉकीही खेळली. सरकारनं तिला ध्यानचंद पुरस्कार दिला तो 2013 साली. मनिलानंतर एकोणसाठ वर्षांनी!

आता ही नावं पुन्हा ऐका. मिस्त्री, गझदर, मेंडोन्सा, ब्राऊन, पीटर्स. पारशी, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन घरांतल्या पोरी. अर्धी चड्डी घालून पोरगी मैदानावर गेली म्हणून त्यांच्या घराची अब्रू बुडत नव्हती. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांनी वाट पाडली. पण या यादीत आपलं आडनाव कुठाय? आपल्या आया काय कमी धावल्या? पाण्यामागं धावल्या, मुकादमाच्या हाकेमागं धावल्या. कुणी घड्याळ लावलं नाही, एवढंच.

आणि आपली पोचली तेव्हा काय झालं? तामिळनाडूची सांती सौंदरराजन. दलित, वीटभट्टी मजुरांची लेक. 2006 साली दोहात आठशे मीटरचं रौप्य जिंकली. लिंगचाचणीच्या नावाखाली पदक काढून घेतलं. जगासमोर बेअब्रू. 2012 मध्ये ती परत वीटभट्टीवर मजुरी करत होती. पुढं ओडिशाच्या विणकर घरातल्या दुती चंदवर असलीच बंदी आली. तिच्यामागं मात्र वकील उभे राहिले, माणसं उभी राहिली. 2015 साली लवादानं तिला पुन्हा धावू दिलं.

पाय दोघींचे सारखेच होते, दोस्तहो. फरक मागं उभं राहणाऱ्यांचा.

म्हणून पोरांनो, नुसत्या घोषणा नकोत. बोदवडात पाण्याची ओढ काय असते ते मी तुम्हाला सांगायला नको. उद्या पहाटे बहिणीचा हंडा तुम्ही उचला. तो एक तास तिचा. जयंतीच्या वर्गणीतून डीजेच्या आधी बुटांचे दोन जोड घ्या. मैदान मागायला ग्रामपंचायतीत, नगरपंचायतीत, जिथं जावं लागेल तिथं तिच्याबरोबर जा. बोलू मात्र तिला द्या.

आणि पोरींनो, कुणी विचारलं, कुठं पळतेस? तर थांबून उत्तर देऊ नका.

जयभीम!