पीडित बालकांना हवी अखेरपर्यंत सोबत

(नागपूरमधील सक्करदरा येथे शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



सक्करदऱ्याहून मेडिकल रुग्णालय जवळच आहे. सिव्हिल लाइन्समधील न्यायालयही काही किलोमीटरांवरच आहे. प्रौढ माणसाला हे अंतर किरकोळ वाटते. परंतु अत्याचार सोसलेल्या बालकाला घरापासून पोलीस ठाणे, तेथून रुग्णालय आणि पुढे न्यायालय अशी वाट चालावी लागते, तेव्हा तोच रस्ता संपता संपत नाही. जागोजागी अनोळखी माणसे भेटतात आणि तीच हकीकत पुन्हा सांगावी लागते. या वाटेवर त्याला सोबत कोणाची, हा खरा प्रश्न होय.

नागपुरातीलच एक प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. २०१६ साली एका इसमाने १२ वर्षांच्या मुलीशी लैंगिक गैरवर्तन केले. मुलीने घडले ते आईला सांगितले. आईने विलंब न लावता पोलिसांत फिर्याद दिली. विशेष न्यायालयाने आरोपीस शिक्षा ठोठावली. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, त्वचेचा त्वचेशी थेट स्पर्श न झाल्याने हे कृत्य बालसंरक्षण कायद्याखालील लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निर्णय दिला. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कपड्यावरून झालेला स्पर्शही गुन्हाच होय. महत्त्व लैंगिक हेतूला आहे, असे त्या न्यायालयाने स्पष्ट केले. देशभरातील बालकांना लाभदायक ठरलेल्या या निकालाचे मूळ एका आईने मुलीच्या शब्दावर ठेवलेल्या विश्वासात आहे. मात्र त्यासाठी जवळजवळ पाच वर्षे लोटली, हेही विसरता येत नाही.

कायद्याने दिलेला आधार

१४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाने ही वाट सुसह्य करण्याचा प्रयत्न केला आहे. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यावयाचा असतो. त्या वेळी पोलीस अधिकारी गणवेशात नसावा आणि बालकाच्या विश्वासाची व्यक्ती जवळ असावी. बालकाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवावयाचे असते. २०२० च्या नियमांनुसार ही समिती तपासात व खटल्यात बालकाच्या पाठीशी राहणारी साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयाने आधी कागदपत्रे मागावयाची नाहीत. महाराष्ट्रात २०१३ साली सुरू झालेल्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्यही मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे लागते.

गावाची जबाबदारी

तथापि, यातील कोणतीही तरतूद आपोआप बालकाच्या दारी येत नाही. ते प्रथम बोलते ते आईजवळ, शिक्षिकेजवळ किंवा अंगणवाडी सेविकेजवळ. ऐकणाऱ्याने प्रश्नांची सरबत्ती न करता शांतपणे ऐकावे, त्याचेच शब्द टिपून ठेवावेत आणि दोष त्याचा नाही हे त्याला सांगावे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये. कारण पोलिसांना कळविणे हे कायद्याने बंधनकारक आहे व न कळविणे हा गुन्हा आहे. १०९८ या क्रमांकावरही मदत मागता येते.

आरोपी पुष्कळदा नात्यातला, शेजारचा किंवा प्रतिष्ठित गृहस्थ असतो. अशा वेळी गावाच्या अब्रूच्या नावाखाली प्रकरण बैठकीत मिटविण्याचा मोह होतो. त्यात अब्रू वाचते ती आरोपीची. बालकाचा मात्र मोठ्या माणसांवरचा विश्वास कायमचा उडतो. सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बालसंरक्षण समितीने हा दबाव रोखणे अगत्याचे आहे. बालकाचे नाव चावडीवर चर्चिले जाऊ नये आणि त्याची शाळा सुटू नये, याचीही काळजी समितीने व शिक्षकांनी घ्यावी.

निकाल न्यायालय देईल. परंतु तारखेच्या दिवशी बालकाचा हात धरून सिव्हिल लाइन्सपर्यंत जाणारे माणूस मिळणे, हे त्याच्या गावावर आणि शाळेवर अवलंबून आहे. प्रत्येक गावाने आणि शाळेने असे एक तरी माणूस आजच तयार ठेवावे.