धीराचा खर्च कोणी सोसावा?

(बेळ्ळंदूर येथे स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा अंश)

रुग्ण, कैदी वा सैनिक यांना धीर देणाऱ्या धर्मगुरूचा खर्च कोणी सोसावा, हा सार्वजनिक वित्ताचाही प्रश्न आहे. अनुच्छेद २७ नुसार विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. अनुच्छेद २८(१) पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षणास मनाई करतो. तरीही भूदलात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री व बौद्ध भिक्खू नायब सुभेदार हुद्द्यावर नेमले जातात व त्यांना सरकारी तिजोरीतून वेतन मिळते. यात विसंगती नाही; घरापासून दूर असलेल्या सैनिकाचे मनोबल टिकविणे, हाच त्यामागील हेतू होय.

रुग्णालयांचे चित्र निराळे आहे. बेळ्ळंदूरपासून जवळच, कोरमंगल येथे, १९६३ साली स्थापन झालेले सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय कॅथलिक संस्थेचे असल्याने तेथे पाद्री असणे स्वाभाविकच. परंतु बेळ्ळंदूरच्या बांधकामांवर राबणारा परप्रांतीय मजूर सरकारी रुग्णालयात अखेरच्या घटका मोजत असेल, तर त्याच्या भाषेत, त्याच्या श्रद्धेची बूज राखून कोण बोलणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या व्याख्येनुसार उपशामक उपचारांत आध्यात्मिक व्यथाही येते. केरळने २००८ मध्ये स्वीकारलेल्या धोरणात या कामी स्थानिक स्वराज्य संस्था व स्वयंसेवक यांना स्थान दिले. स्थलांतरितांच्या बेंगळुरूत असे स्वयंसेवक धर्माआधी भाषा पाहून निवडावे लागतील.