कॅम्पबेल बे : टोकावरचा नौदल तळ आणि त्यामागची वस्ती



भारताचे दक्षिण टोक कोणते, असे विचारले की शाळेतला निम्मा वर्ग आजही कन्याकुमारीचे नाव घेतो. मुख्य भूमीपुरते ते खरे आहे. देशाचे दक्षिणतम टोक मात्र ग्रेट निकोबार बेटावरील इंदिरा पॉइंट हे होय. तेथून इंडोनेशियाचे सुमात्रा बेट सुमारे दीडशे किलोमीटरवर, तर पोर्ट ब्लेअर, म्हणजे 2024 पासूनचे श्री विजयपुरम, पाचशेहून अधिक किलोमीटरवर आहे. या बेटावरच्या गृहस्थाला स्वतःच्या प्रशासनाच्या मुख्यालयापेक्षा परदेश तिपटीने जवळ!

या दोन किनाऱ्यांमधील सागरी पट्टा म्हणजे 'सिक्स डिग्री चॅनल'. मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारी असंख्य मालवाहू जहाजे येथूनच ये-जा करतात. या जलमार्गाचे मोल भारतीयांना आज कळले असे नव्हे. राजेंद्र चोळाच्या आरमाराने 1025 साली श्रीविजयावर स्वारी केली आणि तंजावरच्या शिलालेखात निकोबारचा उल्लेख 'नक्कवरम्' असा कोरला गेला. याच पाण्यावर नजर ठेवण्यासाठी 31 जुलै 2012 रोजी तत्कालीन नौदलप्रमुख ॲडमिरल निर्मल वर्मा यांच्या हस्ते कॅम्पबेल बे येथे 'आयएनएस बाज' हा तळ नौदलात दाखल झाला. तेव्हा तेथील धावपट्टी जेमतेम साडेतीन हजार फुटांची होती. डॉर्नियरसारखी छोटी विमाने आणि हेलिकॉप्टरे यांच्यापुरती.

परंतु तळ 2012 चा असला, तरी राखण त्याआधीच सुरू झाली होती, आणि ती गणवेश उतरवून ठेवलेल्या माणसांनी केली. 1969 पासून केंद्र सरकारने येथे निवृत्त सैनिकांची कुटुंबे वसवली. प्रत्येकी सुमारे अकरा एकर जमीन देऊन तीनशेहून अधिक कुटुंबे पूर्व किनाऱ्यावर राहिली. पंजाबबरोबरच महाराष्ट्र, केरळ, तामिळनाडू, आंध्र अशा प्रांतांतून ती आली होती. गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर ही गावांची नावेच पाहावीत! समोर घनदाट वर्षावन, मागे समुद्र. जंगल तोडून भातखाचरे करायची, नारळ-सुपारी लावायची आणि जहाजाची वाट पाहायची. ज्या मराठी सैनिकांनी सातारा-कोल्हापूरकडच्या गावी परतण्याचे सोडून हा किनारा पत्करला, त्यांची नोंद आपल्याकडे कितीशी झाली?

26 डिसेंबर 2004 च्या सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्रतळ हादरला आणि पाठोपाठ लाटा आल्या. ग्रेट निकोबारचा दक्षिण भाग सुमारे चार मीटर खचला. इंदिरा पॉइंटच्या दीपस्तंभाचा पाया पाण्यात गेला. वसाहतींची सखल भातशेती कायमची खारी झाली. नौदलाने 'ऑपरेशन सी वेव्ह्ज' या नावाने बेटांवर मदत पोहोचवली. रस्ते आणि धक्के मोडलेले असताना जहाज आणि हेलिकॉप्टर हीच दोन साधने उरली होती.

एरवीही परिस्थिती फार निराळी नसते. पोर्ट ब्लेअरहून येणारे प्रवासी जहाज दिवसाहून अधिक वेळ घेते आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत समुद्र खवळला की वेळापत्रक कोलमडते. अशा वेळी अडलेली बाळंतीण किंवा हृदयविकाराचा रुग्ण यांच्यासाठी ती छोटी धावपट्टीच जीवनरेखा ठरते. सुमारे आठ हजार लोकवस्तीच्या बेटावर तळ आणि गाव यांत भिंत घालता येत नाही. नाविकाला स्थानिक कोळ्याचा डोळा हवा, कोळ्याला नाविकाचे विमान हवे. संरक्षणाच्या चर्चेत हे दुसरे अंग बहुधा गाळले जाते.

आता एक अवघड गोष्ट. सैनिकांच्या वसाहतींआधीपासून, शतकानुशतके, हे बेट निकोबारी आणि शोंपेन या जनजातींचे आहे. शोंपेन 2011 च्या जनगणनेत केवळ 229 होते. बाहेरच्या जगापासून ते बहुतांशी दूरच राहतात. सुनामीने निकोबारींची पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावरची गावे पुसली, आणि वाचलेल्यांना कॅम्पबेल बेजवळील राजीवनगर व न्यू चिंगेन येथे आणून ठेवले गेले. त्यांना मूळ किनाऱ्यावर परतायचे आहे. पुढे बेटावर मोठे बंदर, विमानतळ आणि नगर उभारण्याचा प्रकल्प आला व नोव्हेंबर 2022 मध्ये त्याला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. ऑगस्ट 2022 मध्ये दिलेले ना-हरकत पत्र लिटल आणि ग्रेट निकोबारच्या आदिवासी परिषदेने त्याच नोव्हेंबरमध्ये मागे घेतले. सामरिक निकड कोणीही नाकारणार नाही, ती खरीच आहे. पण 2015 च्या शोंपेन धोरणानेच मोठ्या प्रकल्पांच्या वेळी या जमातीच्या हिताला अग्रक्रम देण्याचे म्हटले आहे, आणि ते धोरण सरकारचेच आहे.

पत्र मागे घेताना परिषदेचे म्हणणे साधे होते : सुनामीपूर्वीची आमची वडिलोपार्जित गावेही प्रकल्पाच्या क्षेत्रात येतात, हे आम्हाला आधी नीट सांगितले गेले नव्हते.